जांघा काचतात, सांगायची लाज वाटते

पत्र

मॅडम, नमस्कार. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. वय ४३. घरचं थोडं वावर आहे, निंदण-वेचणीला रोज जाते, म्हणजे कष्टाची सवय नाही असं नाही. माघात गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला गावच्या बायांच्या दिंडीसोबत शेगावला पायदळ गेले. पहिल्याच दिवशी अकोटच्या अलीकडे दोन्ही मांड्या आतून चुरचुरायला लागल्या. कोणाला सांगितलं नाही. पावडर लावली आणि चालत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी कातडी सोलून परकराला रक्त लागलं. पूर्णेच्या पुलाजवळ पाऊल टाकवेना, शेवटी सामानाच्या टेम्पोत बसावं लागलं. फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणतात, "आमी नाई का चाललो? आमाले त कधी काई झालं नाई. तुमीच नाजूक."

घरी आल्यावर मेडिकलवाल्या भाऊनं एक ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत आराम पडतो, सोडली की पुन्हा खाज. आता जांघेत काळसर डाग आहे आणि तो कडेकडेनं वाढतोय. मी अंगानं जाड आहे, म्हणून हे होतं का? ऋषिपंचमीला पुन्हा जायचं मनात आहे. तोवर कातडी पक्की करायचा काही उपाय आहे का? नाव छापू नका.

उत्तर

ताई, पत्रात तुम्ही एकच दुखणं लिहिलंय, पण आहेत दोन. माघात वाटेवर झालं ते काचणं. आता जांघेत आहे ते मात्र काचणं दिसत नाही. काचलेली जागा पुन्हा घासली नाही तर आठवड्याभरात भरून येते. ती कडेकडेनं पसरत नाही आणि महिनोन्‌महिने राहत नाही. पसरणारा डाग, ट्यूब सोडली की उसळणारी खाज, हे सगळं गजकर्णाकडे बोट दाखवतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छातीठोक कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. म्हणून आधी दाखवायला जा. चालण्याचं त्यानंतर बोलू.

ती ट्यूब घरात असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर तिच्यात स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, केटोकोनॅझोल ही नावं बुरशीवरच्या औषधांची. पुष्कळ ट्यूबांमध्ये दोन्ही एकत्र असतात, वर जंतूंवरचंही एखादं औषध घातलेलं असतं, आणि दुकानदार सांगतो, "सगळ्यावर चालते." तिथंच घोळ होतो. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. बुरशीला मात्र ते मारत नाही. कातडीची लढायची ताकद तेवढी कमी होते आणि बुरशी निवांत पसरत जाते. त्यात जांघेतली कातडी पातळ आणि घडीत दाबलेली, तिथं लावलेलं औषध हातापायापेक्षा जास्त मुरतं. असं मलम महिनोन्‌महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे चरे मांड्यांवर पडतात. ते चरे मग कधी जात नाहीत. ही कडक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा नियम आहे. तो खेड्यात किती पाळला जातो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तेव्हा ट्यूब थांबवा. थांबवल्यावर काही दिवस खाज आणि लाली आधीपेक्षा वाढेल. ते अपेक्षितच आहे, घाबरून पुन्हा तीच लावू नका. ट्यूब पिशवीत टाका आणि डॉक्टरांना दाखवा, म्हणजे काय लावलं होतं ते त्यांना नेमकं कळेल. अंजनगावच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करा. तिथं त्वचेचे डॉक्टर नसतील तर अमरावतीला इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जा. जागा दाखवायला संकोच वाटला तर बाई डॉक्टर आहेत का, असं खिडकीवरच विचारा. विचारण्यात काही गैर नाही. डॉक्टर कदाचित डागाच्या कडेचा थोडा कोंडा खरवडून दुर्बिणीखाली पाहतील. दुखत नाही. गजकर्ण निघालं तर औषध काही आठवडे चालेल, आणि खाज गेली तरी सांगितलेल्या दिवसापर्यंत ते घ्यावं लागेल. अर्ध्यात सोडलं की ते परत येतं, आपल्याकडे बहुतेकांचं इथंच फसतं.

घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्यालाही सोबत न्या, नाहीतर एकाचं दुसऱ्याला असं फिरत राहील. टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे उलटे करून उन्हात वाळवा, न्हाणीघरातल्या दोरीवर नको. आणि रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. चाळिशीनंतर जांघेतली खाज पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर वाढलेली असू शकते, आणि साखर वाढलेली असली की वाटेवरची साधी खरचटही चिघळते. हे सगळं मृगाच्या आधी उरका. पेरण्या लागल्या की तुम्हाला दवाखान्यासाठी दिवस मिळणार नाही हे मला ठाऊक आहे.

आता चालण्याकडे वळू. सासूबाईंच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही झालं नसेल. पण त्यांची पिढी लुगडं नेसून चालली. लुगड्याचा काष्टा दोन्ही मांड्यांच्या मधून जातो, म्हणजे कातडी कातडीला लागतच नाही, मध्ये मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेलं कापड असतं. तुम्ही चालता सहावारी आणि परकरात. परकर बाहेरून गोल फिरतो, आत मांडीला मांडी उघडी घासते. तुमचा नाजूकपणा एवढाच. त्यांना हे सांगून पाहा. पटलं नाही तर सोडून द्या, वाद घालून मांड्या बऱ्या होत नाहीत.

शेतातल्या कामाची सवय इथं फारशी कामाला येत नाही, तेही याचमुळं. निंदताना तुम्ही बसून सरकता, वेचताना दोन पावलं टाकून थांबता. पायदळ वारीत दिवसाला पंचवीस किलोमीटर धरले तरी पस्तीस हजारांच्या वर पावलं होतात, आणि दर पावलाला एक मांडी दुसरीला घासून पुढं जाते. जाड माणसाला हा त्रास लवकर होतो हे खरं. पण सडपातळ पोरीही काचून येतात, धावणारे काटक पोरंही येतात. माझ्याकडे दिंडीतून लंगडत आलेल्यांमध्ये सगळ्या मापाची माणसं असतात. वजन कमी करायचं असेल तर ते वेगळ्या कारणासाठी करा. ऋषिपंचमीपर्यंत त्यानं मांड्या वाचणार नाहीत.

नुसत्या घासण्यानंही एवढं होत नाही. खरा घात ओल आणि मीठ करतं. घामानं भिजलेली कातडी मऊ पडते, एकमेकींना चिकटते आणि ओढली जाते. माघाच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि त्यातलं मीठ बारीक कणांनी कातडीवर, कापडावर बसतं. मग पुढची दहा हजार पावलं त्या कणांवर. वर तुमची वाट खारपाणपट्ट्यातून, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातून जाते. मुक्कामाच्या गावात बोअरच्या खाऱ्या पाण्यात परकर खळबळून वाळत घातला की सकाळी तो हाताला कडक लागतो. साबणाला फेस येत नाही, साबण पुरता निघतही नाही. तो कडक परकर दुसऱ्या दिवशी आधीच लाल झालेल्या कातडीवर. तुमचं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी निघालं यात मला नवल वाटत नाही.

भाद्रपदात याच्या उलट होईल. महाराजांनी समाधी घेतली ती १९१० सालच्या ऋषिपंचमीला, तारीख होती ८ सप्टेंबर. म्हणजे पुण्यतिथीची वारी कायम पावसाळ्याच्या शेपटात येते. हवा दमट, घाम वाळत नाही, मधूनच सर येते, साडीचे काठ चिखलानं जड होऊन पायात येतात. मीठ कमी साठेल, पण कातडी दिवसभर ओली राहील, आणि ओली कातडी फार लवकर सोलते. माघात जे अकोटच्या अलीकडे सुरू झालं ते या वेळी आणखी आधी सुरू होईल असं धरूनच तयारी करा.

कातडी पक्की करायचा उपाय तुम्ही विचारलात. तो नाही. तळहाताला, तळपायाला घट्टे पडतात, कारण तिथली कातडी मुळात जाड असते. मांडीच्या आतली कातडी रोज घासली तर काळी आणि खरखरीत होते, आणि खरखरीत कातडी आणखीच घासते. कातडी बदलता येत नाही, तिच्यावर काय घालायचं ते बदलता येतं. माझा सगळा भर कपड्यावर आहे, औषधावर नाही.

होजिअरीच्या दुकानात सायकलिंगची चड्डी मागा. काही ठिकाणी साडीच्या आत घालायची शॉर्ट म्हणून मिळते. गुडघ्याच्या चार बोटं वर येईल एवढी लांब, अंगाला लागून बसणारी, पण जांघेत न कापणारी. चालताना वर गुंडाळली जात असेल तर ती आखूड आहे किंवा ढिली आहे, परत करा. हात आत घालून शिवण चाचपा. जांघेत जाड शिवण असेल तर घेऊ नका. कापड कोणतं, यावर मात्र तुम्हाला सगळे एकच सांगतील: सुती घ्या. रोजच्या वापराला सुतीच चांगलं, मीही तेच सांगते. पण लांब चालायला अंगाला चिकटून बसणारा आतला कपडा सुती नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, मग ओलं जड कापड दिवसभर घासत राहतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये लायक्रा मिसळलेलं गुळगुळीत, ताणलं जाणारं कापड लवकर वाळतं आणि घासणं स्वतःवर घेतं. वरची साडी आणि परकर सैल, सुती असूद्यात. मुक्कामाला पोचलात की ही चड्डी काढायची, रात्री ती घालून झोपायचं नाही. नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक जांघेच्या घडीतच बसतं आणि तिथं वेगळा काच पाडतं. म्हणून शक्य असेल तर लांब चड्डी एकटीच घाला.

अशा निदान दोन घ्या, एक अंगावर, एक वाळायला. दोन्ही घरून गोड्या पाण्यात धुऊन न्या. वाटेत एखाद्या गावात नळाला वानच्या धरणाचं पाणी येत असेल तर शेवटचं खळबळणं त्या पाण्यात करा. खारंच पाणी असेल तर साबण अगदी थोडा, पाणी दोन वेळा, आणि वाळल्यावर कापड हातानं चुरगाळून झटकून मऊ करा. नवी कोरी चड्डी पहिल्यांदा दिंडीतच घालायची नाही. आधी दोन-तीनदा धुवा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती घालून शेजारच्या गावापर्यंत चालत जाऊन या. कुठं लागतं ते घरच्या अंगणात कळलेलं बरं.

कपड्यानंतर चिकणाई. मेडिकलमध्ये साधी पेट्रोलियम जेली मिळते, व्हॅसलीन म्हणून मागतो ती. सुगंधी, रंगीत काही नको. पहाटे निघण्यापूर्वी जागा धुऊन, टिपून, पूर्ण कोरडी झाली की मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या घडीत दाट थर द्या. चोळून जिरवायची नाही, वर राहायला हवी. खोबरेल तेलही चालतं, पण पातळ असल्यानं लवकर उतरतं, मग तासातासाला लावावं लागतं. आणि जेली सकाळी एकदा लावली म्हणजे दिवसाचं काम झालं असं नाही. दर दोन-तीन तासांनी, म्हणजे चहाच्या आणि जेवणाच्या प्रत्येक थांब्याला, पुन्हा. मोठी डबी टेम्पोत ठेवाल तर ती हवी तेव्हा मिळणार नाही. कुंकवाच्या डबीत थोडी काढून कमरेच्या पिशवीत ठेवा.

पावडरीवरही बोलायला हवं, कारण सगळ्या बाया पहिल्यांदा तीच लावतात. कोरड्या अंगाला पावडर लावली तर थोडा वेळ बरं वाटतं. चालताना घाम आला की तिच्या गोळ्या होतात आणि त्या गोळ्याच घासायला लागतात. सोललेल्या जागेवर तर पावडर अजिबात नको. तुम्हीही पहिल्या दिवशी पावडरच लावली, आणि वाटेत हाताशी दुसरं काही नव्हतं हेही खरं.

लावायचं कुठं, हा बायांचा खरा प्रश्न. दिंडीत मी एक गोष्ट पाहते. मुक्कामाला बाया एकमेकींचे पाय चेपून देतात, तळव्यांना तेल लावतात, फोडांची उघड चर्चा होते. गुडघ्याच्या वर मात्र कुणी बोलत नाही. तुम्ही बोलला असतात तर चारजणींनी आपापल्या मांड्या दाखवल्या असत्या असं मला खात्रीनं वाटतं. निघण्याच्या आधी दिंडीच्या बायांची एक बैठक होतेच, भाकरी-भाजीचं, वर्गणीचं ठरतं. त्यात हा विषय काढा. एक जुनी जाड साडी केवळ आडोशासाठी पिशवीत ठेवायची, थांब्याला दोघींनी धरायची, बाकीच्यांनी आळीपाळीनं आत जाऊन यायचं. लघवीची सोयही त्याच आडोशात होते. ती सोय नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यानं उन्हात चक्कर येते, लघवीला जळजळ लागते आणि दिंडी दुखण्यातच संपते. पाणी प्या. धुतल्यावर मात्र जागा टिपून कोरडी करा, ओल्या अंगानं चालायला लागू नका.

मांड्यांखेरीज छातीच्या खाली ब्लाउज ओला होऊन काचतं, तिथंही हीच जेली. परकराची नाडी कमरेला रोज एकाच जागी आवळू नका, थोडी वर-खाली बांधा, खाली मऊ कापडाची घडी घाला. पाळीचे दिवस वाटेत आले तर पॅडच्या कडा जांघेला लागतात. कडेच्या कातडीला जेली लावा आणि पॅड भिजायची वाट न पाहता बदला.

एवढं करूनही चुरचुरलं तर? चुरचुरणं सुरू होतं तेव्हा कातडी फक्त लाल झालेली असते, फाटलेली नसते. त्या क्षणाला थांबलात तर पाच-दहा मिनिटांत निभावतं. मुक्कामापर्यंत रेटलं तर दोन दिवस जातात. रांग पुढं गेली तरी जाऊ द्या, सोबत एकीला थांबवा. बाटलीतल्या पाण्यानं मीठ धुऊन टाका, टिपा, वारा लागू द्या, दाट जेली लावा, चड्डी ओली असेल तर बदला. मग चाला.

कातडी सोललीच तर त्या दिवसापुरतं चालणं संपलं असं समजा. टेम्पोत बसल्याचं तुम्हाला वाईट वाटलं. मी काही देवाधर्माची जाणकार नाही, तरी सोललेल्या मांड्या घासत चालण्यात कोणतं पुण्य आहे ते मला कळत नाही. शिवाय एक दिवस बसलात तर दुसऱ्या दिवशी थोडं चालता येण्याची शक्यता असते. जखम उघडी ठेवून चाललात तर पुढचे सगळे दिवस टेम्पोतच.

मुक्कामाला साध्या किंवा किंचित कोमट पाण्यानं जागा धुवा. कढत पाणी नको, काथ्या किंवा दगडानं घासणं नको, साबण लागलाच तर नावापुरता. मऊ फडक्यानं टिपा, पुसू नका. वर जेली किंवा झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम लावा, लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर वापरतात तेच. पाझरत असेल तर मेडिकलमधून न चिकटणारी, पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी आणा आणि वर स्वच्छ सुती कापड. नुसता कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि काढताना नवी कातडी सोबत येते. रात्री सैल गाऊन घाला, आत काही नको, कातडीला हवा मिळू द्या. हळद, चुना, टूथपेस्ट, स्पिरिट, न पातळ केलेलं जंतुनाशक औषध यांतलं काहीही उघड्या मांसावर नको. जितकं जास्त झोंबेल तितकं गुणकारी, असं आपल्याकडे फार मानतात. झोंबणं म्हणजे जखमेला आणखी इजा होते आहे, एवढंच. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉलची एक गोळी पोटात अन्न असताना घ्या.

पुढचं काही दिसलं तर मात्र वाटेतल्या दवाखान्यात लगेच जा: लाली दर तासाला पुढं सरकतेय, जागा गरम आणि टणक लागतेय, पू किंवा घाण वास येतोय, ताप भरलाय, जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, आलंय. साखरेचा आजार असलेल्यांनी तर एवढीही वाट पाहू नये, सोललं की त्याच दिवशी दाखवावं.

हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी दोन ओळी, कारण तेही काचतात आणि तेही बोलत नाहीत. पट्ट्यापट्ट्यांची ढगळ सुती चड्डी चालताना वर गोळा होते आणि दोरखंड होऊन जांघेत रुतते. वर लिहिलेली लांब, घट्ट चड्डी तुम्हालाही चालते. श्रावणात आपल्याकडची पोरं नागद्वारला जातात, पचमढीच्या डोंगरात, पावसात, आणि जाताना जीन्स घालतात. भिजलेली जीन्स अंगावर वाळत नाही आणि तिची जांघेतली शिवण आपल्या सगळ्या कपड्यांत जाड असते. पायऱ्या आणि चढ सुरू झाले की दोन तासांत चाल फेंगडी होते. ट्रॅक पँट घाला रे.

ताई, तुमच्या ऋषिपंचमीचं असं करा. डॉक्टरांनी डाग पूर्ण गेला असं सांगितलं तर खुशाल पूर्ण चालत जा. औषध अजून चालू असेल तर त्यांनाच विचारा, आणि त्यांनी परवानगी दिली तरी सकाळच्या गार वेळेत चाला, दुपारनंतर टेम्पोत बसा. हे निघण्यापूर्वीच दिंडीच्या प्रमुखांना सांगून ठेवा, म्हणजे वाटेत कुणाला समजावत बसावं लागणार नाही. डाग पसरतच असेल तर यंदा बसनं जा.

आणि शेगावात पोचल्यावर थेट दर्शनबारीत उभ्या राहू नका. पुण्यतिथीच्या गर्दीत रांग तासन्‌तास सरकत राहते, आणि भिजलेल्या परकरात उभं राहूनही जांघ काचते. आधी अंघोळ, कोरडे कपडे, पुन्हा जेलीचा थर, मग रांग.